चौदा मीटर

पुढच्या खोलीत दिवसा उत्पन्नाचे दाखले निघतात,
रात्री नऊनंतर कॉम्प्युटर माझा.
भिंतींना तणसाच्या पेंढ्या बांधल्यात, आवाज घुमू नये म्हणून.
त्यात उंदीर येतात. तेही रेकॉर्ड होतात.

मागच्या मंडईनंतर बकाराम गुरनुले आला होता,
ढोलकी जुन्या लुगड्यात गुंडाळून.
तीस हंगाम नाटकांच्या तंबूत वाजवलेला माणूस.
माझी पेटी आधीच भरून ठेवलेली.
त्यानं टोपीवरूनच हेडफोन चढवला,
पेटी ऐकली, मान हलवली,
हात सोडला.

मी परत लावून पाहिलं.
ढोलकी मागे.
फार नाही, पापणी लवावी तेवढी.
पण पेटी वाटेला लागलेली
आणि ढोलकी अजून दारात, चपला शोधत.

‘काका, मागे पडताय.’
‘नाई वं बाई. ठोक्यावरच त हावो.’
‘ऐका ना तुम्हीच.’
त्यानं ऐकलं. हाताकडे पाहिलं.
पुन्हा वाजवलं.

अकरा वेळा.

अकराव्यानंतर मी जे बोलले
ते इथं लिहायला मला वर्ष लागलं:
वय झालं की होतं असं, काका.
त्यानं वाद घातला नाही.
दोरीच्या कड्या सैल केल्या एकेक,
हंगाम संपल्यावर करतात तशा,
आणि गेला.

परवा वीज लवकर आली म्हणून, सहज,
एक वायर कॉम्प्युटरमधून काढून कॉम्प्युटरातच खोचली.
एक टिक पाठवली.
तीच टिक परत आली, उशिरा.
पडद्यावर दोन उभे काटे, मध्ये रिकामी जागा.
एक्केचाळीस मिलिसेकंद.
हवेतून आवाज तेवढ्यात चौदा मीटर जातो:
आमच्या उंबऱ्यापासून हातपंपापर्यंत.
मीच त्याला हातपंपापाशी बसवलं होतं
आणि विचारत होते, खोलीत का नाही तुम्ही?

बोडीच्या पलीकडे चंद्रकला गोधड्या धुते.
मोगरी खाली येऊन पुन्हा वर गेलेली असते,
तेव्हा कुठं आवाज या काठाला लागतो.
लहानपणापासून बघतेय.
तिला कधी कुणी म्हटलं नाही,
बाई, तू मागे पडतेस.

जुनी फाइल उघडली.
त्याची पट्टी माऊसनं धरून डावीकडे सरकवली, तेवढीच.
पहिला टेक: ठोक्यावर.
दुसरा, तिसरा, चौथा: ठोक्यावर.
पाचव्यापासून तो घाई करतोय.
थोडी, मग जास्त,
दहाव्यात तर पेटीच्या आधीच पोचलेला.
माझं ऐकून.

तो आता सिंदेवाही रोडच्या राइस मिलवर कोंडा भरतो.
मोबाइलमध्ये पहिला टेक घेऊन गेले.
पट्टा चालू, धूळ, काही ऐकू येईना.
त्यानं मोबाइल कानाला नाही, छातीला लावला.
मी ओरडून सांगत होते, चूक मशीनची, चूक माझी,
एक्केचाळीस, चौदा, हातपंप.
तो हसला की डोळ्यांत कोंडा गेला, कळलं नाही.

पोतं शिवून झाल्यावर म्हणाला,
‘सारे ठेवलेस का? अकराच्या अकरा?’
‘हो.’
‘सातवा पुसून टाक. डावा हात थरथरला त्यात.’

रात्री सातवा लावला.
पेटी बंद करून, नुसती ढोलकी.
दुसऱ्या आवर्तनात, हो,
धूमवरचा तळवा जरासा हलतो,
बोडीत कुणी दूर खडा टाकावा तसा.
वर्षभर फाइल माझ्याकडे होती.

पुसलेला नाही.