कोरी प्रत

नार्वा. मंगळवार, संध्याकाळचे सहा.
हीटरवर सात जोड हातमोजे वाळत पडलेत
आणि फळ्यावर मी दर हिवाळ्यात लिहिते तेच लिहिते आहे:
सत्ता कुणाची? जनतेची.
कायदे कोण करतं? संसद. माणसं एकशे एक.
सरकार संसदेला बांधलेलं, संसद घटनेला,
न्यायाधीश कुणालाच नाही, फक्त कायद्याला.
सगळे उतरवून घेतात.
रोस्तिस्लाव्ह विचारतो, "उर्वेबाई, पास व्हायला किती लागतात?"
"चोवीसपैकी अठरा."
खडू माझ्या बाहीवर सांडतो.

कपितोलिना येगोरोव्हना काही लिहीत नाही.
वय एकोणसत्तर. बेटावरच्या कापडगिरणीत
एकेका वेळी बारा साचे सांभाळायची.
आधी देश बदलला, मग गिरणी बंद पडली,
दोन्ही एका दमात सांगते, जणू एकाच पाळीत झालं.
कान अर्धे तिथेच राहिले,
म्हणून ती माझ्या ओठांकडे बघत घटना शिकते.

तिच्या पुस्तकातून धागे लोंबतात.
घरात विनापरवाना शिरायचं नाही, तिथे लाल.
पत्रं फोडायची नाहीत, तिथे निळा.
आणि पकडलं तर कारण सांगायचं,
लगेच, त्या माणसाला समजेल अशा भाषेत,
तिथे पिवळा, दुपेडी.
ती ओळ तिने मला तीनदा वाचायला लावली.
"असंच छापलंय?"
"असंच."
वडिलांना नेलं तेव्हा ती तीन वर्षांची होती.
कारण आईला मरेपर्यंत कळलं नाही.
एवढंच बोलली, आणि मोज्याची निसटलेली वीण
नखाने आत ढकलत राहिली.

मग उठून फळ्यापाशी आली.
'जनता' या शब्दावर बोट ठेवलं, अर्धा पुसला गेला.
"यात मी आहे का?"

तिचा पासपोर्ट राखाडी. वर्गातल्या सातांपैकी सहांचा राखाडी.
कुठल्याच देशाचा नसलेला तो रंग
मी चौदा वर्षं पाहते आहे आणि चौदा वर्षं
प्रश्न आला की घड्याळ पाहते आहे.
छप्पन्नावं कलम सांगतं: सत्ता चालवतात मताधिकार असलेले नागरिक.
म्हणजे नाही.
"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."
हे 'अजून' माझं. घटनेत ते नाही.

तिने मान हलवली, जागेवर गेली.
आणि मला कोण जाणे काय झालं,
मी पानं मागे उलटली, नवव्या कलमापर्यंत.
एरवी ते मी घाईत उरकते, बसची वेळ झालेली असते.
वाचलं: हक्क, स्वातंत्र्यं, कर्तव्यं सारखीच,
इथल्या नागरिकांना, परदेशी माणसांना,
आणि या भूमीवरच्या
ज्यांना देशच नाही त्यांनासुद्धा.

कुणी बोललं नाही. बाहेर नदी गोठत होती,
दोन काठांवरचे दोन किल्ले
जुन्या भावकीसारखे एकमेकांकडे बघत होते.
कपितोलिनाने शालीच्या काठातून एक दशी ओढली,
राखाडीच निघाली,
आणि नवव्या पानात घातली.

परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची असते.
पण पुस्तक त्यांचं, कोरं, धाग्यांशिवाय.
हे मी आधी सांगितलं होतं. तरी ती दाराशी थबकली,
पिशवी माझ्या हातात दिली, रंगांसकट.

निकाल: सतरा.
एकाने हुकली.
फोनवर ओरडून बोलावं लागलं मला.
"वेळ पुरला नाही का?"
"पुरला असता," ती म्हणाली. "नऊ शोधत बसले.
खुणा नव्हत्या ना."
"पण नऊवर प्रश्नच नव्हता!"
"नव्हता."
फोनमध्ये कुकरसारखी किटलीची शिट्टी, मग तिचा आवाज:
"त्यांच्या प्रतीतही आहे का ते,
तेवढं बघायचं होतं.
आहे.
पुढचा वर्ग कधी सुरू करताय?"