पाइपचा गॅस

कोपरखैरण्याच्या सेक्टर सातमध्ये, आमच्या बैठ्या घरात
मढवी फिटर आला, काखेत ड्रिल,
भिंतीवर बोट टेकवून म्हणाला,
"इथून आत घेतो पाइप."

बोटाखाली पेन्सिलीच्या तारखा.
नवा सिलेंडर लावला की हे लिहायचे:
१४ मार्च. २ मे. ९ जून, पाहुणे होते.
मग एके ठिकाणी अक्षर बदलतं,
माझं, जरा तिरकं,
आणि दोन तारखांमधलं अंतर वाढत जातं.
एकटीला असा किती लागतो गॅस.

"चार इंच सरकवू का, काकू?"
म्हटलं, वाकडा दिसेल. घे सरळ.

विटेचा लाल भुगा ओट्यावर. मे गेला, जून गेला,
पाहुणे गेले.
त्याने शेगडीचे जेट बदलले,
सांध्यांना साबणाचा फेस फासला
आणि आम्ही दोघं श्वास धरून
बुडबुडा येतो का बघत राहिलो.
नाही आला.

आता हा संपत नाही म्हणे, नुसतं बिल येतं.

मढवी गेल्यावर दूध ठेवलं.
पेन्सिल शोधली, पाइपाखाली आजची तारीख टाकली.
पुढे काय लिहायचं ते सुचेना.

दूध मात्र वेळेवर उतू गेलं.