अठ्ठेचाळीस तास

ट्रॅव्हल्सचे बंपर जोडतो मी,
गच्चीवरच्या टाक्यांच्या चिरा,
एकदा गणेश मंडळाच्या हत्तीची सोंड.
टब कधी केला नव्हता.
लातुरात टब?
नरशा हसायलाच लागला,
"मामू, आधी पाणी दाखवा म्हणावं."

औसा रोडच्या मागच्या गल्लीत बिराजदार मॅडम,
वीज मंडळातून रिटायर, चष्मा दोरीला.
बाथरूमचा दिवा लावला आणि म्हणाल्या,
"बघा मेहताबभाई, ह्याचं काही होतंय का,
नाहीतर भंगारवाला दीडशे देतो म्हणालाय."

टब म्हणजे हौदच झालेला.
बोअरचं, टँकरचं, नळाचं,
जे येईल ते पंचवीस वर्षं पोटात घेऊन बसलेला.
आत क्षाराच्या रेघा, एकीखाली एक,
उन्हाळा जिथवर उतरला तिथं ओढलेली.
सगळ्यात खालची, बुडापासून चार बोटं वर.
तिच्यावर नख टेकवून त्या म्हणाल्या, "हे सोळा साल."
पुढं काही नाही.
लातूरकराला लातूरकरानं काय सांगायचं त्यात.

काठाला हीटरची कांडी टेकून जळालेला डाग.
शॉवरची चाळणी तर पार बुजलेली.
ती सिरक्यात टाकली, नरशाला सुई दिली:
बस टोचत.

मग पाणी मारून कागद.
दोनशेवीस, चारशे, सहाशे.
खांद्यातून कळ निघेपर्यंत
पिवळट दूध वाहत राहिलं जाळीकडं.
मॅडम दारात बादली घेऊन,
"वाया कशाला, जास्वंदीला घालते."
"नको मॅडम, काच आहे ह्यात."
थोडा वेळ त्या पाण्याकडं बघितलं त्यांनी
आणि बादली तशीच परत नेली.

साबणदाणी खोलली तर तिच्या पाठीमागं
तळहाताएवढा तुकडा, कुणाचा हात न लागलेला.
घाटा सोलला की आत हरभरा असतो ना,
ओला,
तो रंग.
"असा होता?" मॅडम वाकून बघत राहिल्या.
"मी तर पांढराच समजत होते."

तीनदा चुकलो रंग जुळवताना.
ओला रंग खोटं बोलतो,
वाळेपर्यंत त्याचं काही खरं धरू नये.
हार्डनर थेंब मोजून:
जास्त पडला तर तडकतं,
कमी पडला तर जन्मभर चिकट.
नरशाचा श्वाससुद्धा बाहेर काढला मी त्या वेळी.

निघताना बजावलं,
"अठ्ठेचाळीस तास थेंब नको आत."
आणि नेमकी त्याच रात्री गल्लीची पाळी,
दहा दिवसांनी.
साडेअकराला फोन. मागं मोटारींची घरघर,
कुणाची तरी घागर फरशीवर.
"नळ आलाय."
"भरू नका मॅडम."
"भरत नाही. नुसतं सांगितलं."
तरी फोन ठेवला नाही त्यांनी.
दोघंही ऐकत राहिलो,
पाणी दुसऱ्यांच्या घरात पडताना.

तिसऱ्या दिवशी पॉलिश करायला गेलो.
बुडावर बारीक धूळ बसलेली,
धुळीत एका टोकाला दोन टाचा,
दुसऱ्या टोकाला पाठ टेकल्याची घसट.
मी फडकं हातात धरून उभा.
"आखूड आहे म्हणायचे हे," मॅडम मागून बोलल्या.
"त्यांना असेल. मला बरोबर होतो."

आधी ते पुसलं. मग कंपाउंड, मग मेण.
खिडकीचे गज उतरले त्यात, वाकडे होऊन.

"पूर्ण भरायला किती बादल्या?"
"बारा."
"बारा," त्या म्हणाल्या. बोटं कुठंतरी थांबली.
"आधी शॉवर बघू."

कॉक फिरवला. खोकला, गंजाची एक गुळणी,
मग धारा.
नरशा मोजायला लागला,
तीन कोपऱ्यातल्या अजून बुजलेल्याच.
सुई काढली त्यानं खिशातून.
"राहू दे रे," मॅडम म्हणाल्या,
"तेवढंच वाचतं."
आणि हात भिजायच्या आत
कॉक बंद.