हिसारलिक, सहावा खड्डा

दहा वर्षं चाललं म्हणतात ते युद्ध.
कोळशाला विचारलं तर तो म्हणतो,
तीस-चाळीस वर्षं इकडे किंवा तिकडे.
मी तेवढंच लिहून घेते.

तटाशी गोफणगुंड्यांचा ढीग निघाला,
एकशे सत्तावन्न, एकही न फेकलेला.
तहसीन उस्ता एक तळहातावर तोलतो,
"वेढा पडला होता. आणखी काय हवं?"
म्युनेव्वर आब्ला चहा ओतता ओतता,
"असलेच धोंडे आम्ही
लोणच्याच्या बरणीत कोबीवर ठेवतो."
दोन्ही नोंदी केल्या. पेन्सिलीनं.

खाली फाटकापाशी
लाकडी घोड्याच्या पोटातून
शाळेची पोरं हात हलवतात.
आमच्या वाट्याला घोड्याचा एक दात,
लगाम चावून झिजलेला.

उन्हं कलताना चुलीतली राख चाळली.
मूठभर जळके मसूर,
मडक्याच्या बुडाला करपलेला थर.
कुणीतरी आच कमी करायला
उठणारच होतं.

कोण, ते विचारायचं नाही,
पुराव्याबाहेर पाऊल टाकायचं नाही,
आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं.
वजन लिहिलं : एकेचाळीस ग्रॅम.
आणि पिशवीला चिठ्ठी बांधताना
तिला नाव दिलंच,
मनात.