मुद्देमाल क्रमांक सतरा

शिंदखेड्याच्या आमच्या ऑफिसात एकच खोली कोरडी,
म्हणून ड्रोन आणि मुद्देमाल एकाच कपाटात.
वर बॅटऱ्या, हिरवे दिवे मिचकावणाऱ्या.
खाली गोणपाटात क्रमांक सतरा:
फास, तातीचे, नग एकशे बारा, जप्ती एक्याण्णव.
नोंद माझ्याआधीच्या लिपिकाची.
अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

यंदा बुराईकाठी दादर हुरड्यात आली आणि काळवीट उतरले.
गाव म्हणालं, धरून न्या, नाहीतर आम्ही बघतो.
त्या 'आम्ही बघतो'त तार असते, तारेत करंट असतो.
साहेबांनी रात्रीच कल्पित नेरकरला बोलावलं.

पडद्यावर पांढरे ठिपके. सदतीस.
त्याने बोट लावून पुन्हा मोजले. सदतीस.
ड्रोन जरा खाली आला तसे ठिपके उधळले,
एक मात्र धावता धावता थांबला
आणि आमच्या डोळ्यांदेखत
हळूहळू राखाडी होत गेला.

मादी. अंगावर ओरखडा नाही.
डॉक्टरांनी कारण लिहिलं: भीती.

मग साहेबांनीच नाव काढलं, सुपडू चव्हाण, फासेपारधी.
मस्टरवर कुठल्या रकान्यात बसवावं कळेना,
शेवटी मी 'अकुशल' लिहिलं.

तो पहाटे बांधावर उकिडवा बसला,
विडी ओठात, न पेटवलेली.
चिमूटभर माती सोडून वारा बघितला.
कल्पितला म्हणाला,
"कानमा माशी गई तं तू उभा ऱ्हाशी का?"
मग खुरांच्या ठशात बोट घातलं,
टाचेकडून खोल. अकरा गाभण.
आज नको. वितील, पाडसं पळती होतील, मग.

हे ड्रोनला दिसलं नव्हतं.
पण नदीपल्याड आणखी नऊ आहेत
हे ड्रोनने दाखवलं तेव्हा म्हातारा
पडद्यापुढे बराच वेळ तोंडावर हात ठेवून.
म्हणाला, असं दिसतं तर
माझा बाप उपाशी कशाला झोपला असता.

दोन महिन्यांनी नागपूरहून हिरवी नायलॉनची जाळी आली.
कुठे बांधायची ते त्याने पायाने रेघ ओढून सांगितलं.
चाळीस जनावरं आत आली. चालत आली,
जशी सांजेला गोठ्यात येतात.

पैशांसाठी अंगठा द्यायला आला
तेव्हा कपाट उघडं होतं.
"हाई गाठ मना बापनी शे."
मी रजिस्टर काढलं, उगाच, पानं उलटली.
प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बाबा.
त्याने मान हलवली, मला धीर दिल्यासारखी.
बसला, एकेक फास मांडीवर घेऊन मोजला.
एक उंदरांनी खाल्लेला.
खिशातून जाळीचा तुकडा काढला, दातांनी ओढला,
गाठ मारली, गोणपाट होतं तसं बांधलं.

नग एकशे बारा. नोंद बरोबर आहे.
त्यातला एक हिरवा,
ते मी कुठेच लिहिलेलं नाही.