दुसऱ्या डिस्कवरून

लॅमिंग्टन रोडला धनेशने दोन डिस्क काउंटरवर ठेवल्या
आणि एक परत उचलली.
"काका, एकाच लॉटच्या नका नेऊ.
जुळी असली की जातातही एकाच आठवड्यात."
आतून दुसऱ्या कंपनीची आणली.
जागा तेवढीच, वजन किंचित जास्त.
बिलावर शिक्का नीट उठला नाही, म्हणून पुन्हा मारला.

जुनी फेब्रुवारीत गेली.
जायच्या आधी तीन दिवस टिकटिकत होती
आणि मी पंख्याला तेल घालत होतो.

आता चेंबूरच्या दीड खोलीत
कॅबिनेटची एक बाजू उघडी, स्क्रू बशीत.
त्याच बशीत कुमुदिनीने न बघता बडीशेप ओतली.
"दोन्हींवर तेच लिहिणार?"
"तेच. अक्षर न् अक्षर."
"आणि माझ्या हातून काही पुसलं गेलं तर?"
"दोन्हींवरून पुसलं जाईल. त्याच क्षणी."
"मग ही राखण कसली?"
मरणापासून राखण, म्हटलं. चुकीपासून नाही.
चुकांसाठी तिसरी डिस्क, कपाटात, साड्यांखाली.
हे तिला पटलं.
साड्यांखालचं तिला सगळंच पटतं.

सोळा वर्षांच्या लग्नपत्रिका,
मोडलेल्या लग्नांच्यासुद्धा.
सोसायट्यांचे अहवाल, नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स,
'आमचे येथे श्रीकृपेकरून' सतरा फॉन्टांत.
रात्रभर टक्के सरकत राहिले:
अकरा, एकोणीस, मग बराच वेळ एकोणीसच.
माहुलकडे रिफायनरीची ज्योत
कुणासाठी तरी तेवत ठेवल्यासारखी.

पहाटे कंसात दोन यू उमटले, शेजारी शेजारी.
म्हणजे दोघीही उभ्या.
मशीन बंद केलं, पहिलीची वायर काढली,
बटण दाबलं.

काळा पडदा. कोपऱ्यात एक रेघ, लुकलुकणारी.
सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही, म्हणाला.

सगळं होतं तिच्याकडे.
प्रत्येक मुहूर्त, प्रत्येक काका-काकूंचं नाव,
वेलांटीची प्रत्येक दुरुस्ती.
फक्त उठायचं कसं, तेवढं कुणी तिच्यावर लिहिलं नव्हतं.
ते बोटभर पार्टिशन
मी एकट्या पहिलीलाच दिलं होतं.
आरसा धरला होता, पण किल्ली
आरशात दिसते तेवढीच.

सायनला मला स्टेंट घातला त्या आठवड्यात
तोडणकरांच्या मुलीची पत्रिका अडली.
कुमुदिनी याच टेबलापाशी बसली होती.
फाइल कुठल्या फोल्डरात ते तिला माहीत होतं,
नवऱ्या मुलाच्या आजोळच्या नावात चूक आहे
हेही तिनेच पकडलं होतं.
पासवर्ड माझ्या डोक्यात, डोकं आयसीयूत,
आणि ती रेघ अशीच लुकलुकत असणार.
शेवटी दादरच्या एका प्रेसमधून तिने पत्रिका करून आणली,
स्वतःच्या पैशांनी.
मला चार महिन्यांनी सांगितलं,
मेथी निवडताना, मान वर न करता.
मी तेव्हा विचारलं होतं,
कागद किती जीएसएमचा वापरला त्यांनी.

पुन्हा वायर लावली. दुसरीवरही ते बोटभर लिहिलं.
घड्याळात सव्वासहा.
"कुमुद, जरा ये. हात पूस आधी."
"कशाला?"
"ही वायर काढ. हो, तूच. आता बटण."

पंखा फिरला. थोडा जास्तच वेळ घेतला.
मग पासवर्डचा चौकोन.
मी बोललो, तिने दोन बोटांनी टाइप केला,
मध्येच म्हणाली, "हा माझ्या माहेरचा पिनकोड आहे."
"हो."
"सोळा वर्षं?"

पडद्यावर कंसात एक यू, आणि त्याच्या आधी
नुसती खालची रेघ.
"हे काय?"
पहिलीची जागा, म्हटलं. ती नसली तरी
तिचं पान मांडून ठेवतात.
"मग लाव की तिला परत," ती म्हणाली,
आणि स्क्रूंमधली बडीशेप एकेक करून
वेचायला बसली.

शून्य टक्के.
शून्य पूर्णांक एक.