चौदाचा पाना

वडलांचं नाव दुर्सुन, म्हणजे ‘थांबो’.
आधीची तिन्ही मुलं थांबली नव्हती
म्हणून आजीनं ठेवलेलं.
त्या ऑक्टोबरात, योझगातच्या उघड्या माळावर,
थांबला तो ट्रॅक्टर.

आधी खोकला. मग एक लांब आचका.
मग अशी शांतता
की पेरणीयंत्राच्या नळीतून घरंगळणारे
शेवटचे चार गहू ऐकू आले.
टाकीच्या तळाशी होतं थोडं डिझेल,
पण उताराला कललेलं, तोटीपासून लांब.
कॅन ओतला. स्टार्टर मारला.
घरघर, नुसतीच.
‘हवा धरली,’ वडील म्हणाले,
पोरानं हट्ट धरला म्हणावं तसं.

पान्यांच्या डब्यात बारा होता, तेरा होता, सतरा होता.

बांधापलीकडून काझिम आला.
पाच वर्षं दोघं बोलत नव्हते.
बांधावरचं रानटी नासपतीचं झाड कुणी तोडलं
यावरून. (दोघंही म्हणत, त्यानं.)
आला तो सलाम न करता,
हातात चौदाचा पाना,
आणि सीटवर बसलेल्या मला म्हणाला,
‘बापाला सांग, आधी फिल्टरचा स्क्रू.’
‘त्याला सांग,’ वडील म्हणाले, ‘मला ठाऊक आहे.’

मी बारा वर्षांची.
दोन हातांवर असलेल्या माणसांचे
निरोप पोचवत होते.

वडील पंपाची बोटभर दांडी हलवत राहिले,
खट्खट्, खट्खट्,
आणि सैल स्क्रूच्या कडेनं
आधी फेस आला, घुसळत्या ताकावर येतो तसा,
मग बुडबुडे, मोठे, आळशी,
मग एखादाच, उशिरा आठवलेला,
मग डिझेलची नितळ, सलग धार
आमच्या मातीवर.
‘सांग, आवळ.’ ‘सांग, आवळला.’
पंपाच्या अंगावरचा स्क्रू. पुन्हा फेस. पुन्हा धार.
‘सांग, तांब्याची चकती पडली बघ.’
ती आम्ही तिघांनी शोधली,
ढेकळांत, गुडघ्यांवर,
तिघांची डोकी एकमेकांजवळ, कुणी काही न बोलता.

मग नोझलचे नट. अर्धा आटा सैल.
काझिम पान्यावर वाकलेला, वडील पलीकडे,
माझा हात किल्लीवर.
‘मार!’
इंजिन फिरलं, नटाखालून फुसफुस,
थुंकी, फुसफुस, थुंकी,
आणि काझिम ओरडला, ‘दुर!’

आमच्या भाषेत ‘थांब’ला ‘दुर’ म्हणतात.
वडलांच्या नावाचं निम्मं.
मी किल्ली सोडली.
इंजिनाच्या पलीकडून वडलांनी मान वर केली.
‘काय?’

वाऱ्यानं पेंढ्याचं एक कुसळ
बॉनेटवरून पार नेलं, एवढा वेळ गेला.

‘तुला नाही,’ काझिम म्हणाला.

पाच वर्षांत दोघांत झालेलं
तेवढंच बोलणं.
पुढं कधी कुणी विचारलं तर
त्यातही दोघांचं एकमत नव्हतं:
वडील म्हणत, मी काही विचारलंच नव्हतं.

मग दुसरा नट, तिसरा.
धडधड आली ती एका पायावर,
लंगडत, पांढरा धूर ओकत,
मग दोन, मग तिन्ही नळकांडी,
आणि सबंध माळ पुन्हा आवाजानं भरला,
त्यामुळे कुणाला काही म्हणायची गरज उरली नाही.
काझिमनं हात मातीनं चोळले, विजारीला पुसले.
थर्मासमधला चहा मी ओतला होता.
त्यानं पाहिला. गेला.

पाना मडगार्डवरच राहिला.

संध्याकाळी आई म्हणाली, पोरीबरोबर पाठवून दे.
वडलांनी बोटांचा वास घेतला,
भाकरीला डिझेल लागतं म्हणून उजवा हात दूर धरून जेवले,
मग स्वतःच उठले, अंधारात,
बांधापर्यंत गेले.
तोडलेल्या नासपतीच्या खोडावर ठेवून आले.

सकाळी मी मुद्दाम पाहायला गेले.
पाना नव्हता.
खोडाच्या कड्यांवर, मधोमध,
त्याच्या आकाराचा तेलकट डाग होता,
आणि त्याच्या तोंडात
एक मुंगी अडकली होती, पाय हलवत.